दर्शक लाखांत, माणसे किती?

भातकापणीच्या दिवसांत डहाणू तालुक्याच्या पूर्वपट्ट्यात संध्याकाळ उतरू लागली की कुठल्या ना कुठल्या पाड्यावर तारपा घुमतो. सायवन परिसरात अशाच एका संध्याकाळी आमच्या परिचयाच्या एका तरुण कार्यकर्त्याने आपल्या भ्रमणध्वनीवर तारपा नृत्याचे चित्रण केले आणि ते समाजमाध्यमांवर टाकले. चित्रण अवघे चाळीस सेकंदांचे. पंधरवड्यात ते लाखभर वेळा पाहिले गेले. तरुण हरखून गेला. लोक जोडले गेले आहेत, या विश्वासाने त्याने पुढच्या रविवारी सायवनला बैठक बोलावली. विषय होता पाड्यावरील मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका. निमंत्रणही त्याच माध्यमातून दिले. प्रत्यक्षात आले अकरा जण. त्यातले सात त्याच्याच पाड्यावरचे होते.

“काका, लाख माणसांनी पाहिले. मग ती माणसे गेली कुठे?” हा त्याचा प्रश्न भाबडा वाटेल, पण आज समाजात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे, प्रत्येक चळवळीपुढे तोच प्रश्न उभा आहे. दर्शक मिळतात, अनुयायी मिळत नाहीत. टाळ्या मिळतात, हात मिळत नाहीत. असे का होते, याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे.

आकड्याचा भुलावा

पहिली गोष्ट म्हणजे लाख हा आकडा माणसांचा नव्हताच. मार्च २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूबने आपल्या लघुचित्रफितींची मोजणी बदलली. चित्रफीत सुरू झाली की एक ‘दर्शन’ मोजले जाते. ती किती वेळ पाहिली, याची त्यासाठी अट नाही. तीच पुन्हा सुरू झाली की दुसरे दर्शन. अंगठ्याने पडदा वर सरकवताना जी चित्रफीत क्षणभर डोळ्यांपुढून गेली, तीही हिशेबात धरली जाते. बाजारपेठेतून चालताना दुकानाच्या पाटीवर नजर पडली म्हणून कोणी त्या दुकानाचे गिऱ्हाईक होत नाही. मग अर्धा क्षण थांबलेल्या अंगठ्याला आपण अनुयायी का समजावे?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लघुचित्रफिती पाहणारा मनुष्य कोणाकडे म्हणून जात नाही. यंत्र त्याच्यापुढे जे वाढते ते तो पाहतो. तारप्यानंतर त्याला क्रिकेट दिसते, क्रिकेटनंतर पाककृती, त्यानंतर कोणाचे तरी भांडण. चित्रण कोणी केले, कोणत्या गावचे, कशासाठी केले, हे विचारण्याची उसंतच त्याला नसते. तो दर्शक आपला नसून त्या यंत्राचा असतो.

तिसरी गोष्ट आपण फार लवकर विसरलो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. राष्ट्रहिताच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्या तरुणांनी दोन-तीन वर्षे खपून तेथे लाखो अनुयायी मिळवले होते, त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी काय उरले? ज्यांच्याकडे आपल्या माणसांची नावे, गावे आणि पत्ते होते, ते सावरले. ज्यांच्याकडे केवळ आकडा होता, त्यांचे सर्वस्व एका रात्रीत गेले. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेले घर किती दिवस आपले म्हणायचे?

गर्दी म्हणजे अनुयायी नव्हेत

येथे कोणी म्हणेल, चित्रफितींत ताकदच नाही असे कसे म्हणता? ताकद आहे, आणि ती किती भयंकर असू शकते हे आपल्याच तालुक्याने पाहिले आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळीची म्हणून एक चित्रफीत देशभर फिरत होती. मुळात ती पाकिस्तानातील कराचीच्या एका संस्थेने बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेल्या जाहिरातीची होती. शेवटचा खुलासा कापून टाकला आणि जागृतीचे विष झाले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

पण यंत्राला घातलेला लगाम मनाला लागत नाही. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, डहाणू तालुक्यात चोर आल्याच्या, मुले पळवणारे आल्याच्या अफवांना पुन्हा ऊत आला. मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरवर आणि सोबतच्या पोलिसांवर याच परिसरात हल्ला झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, गडचिंचले येथे गुरूच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेल्या दोन साधूंचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा जमावाने पोलिसांदेखत बळी घेतला. ती जखम आजही ओली आहे. गुन्हेगारांना शासन व्हावे, ही मागणी आपण केली आणि करीत राहू. पण कार्यकर्त्याने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. त्या रात्री त्या गर्दीपुढे उभे राहून “थांबा, मी सांगतो ते ऐका” असे म्हणणारा, आणि ज्याचे ऐकले जाईल असा, एक तरी माणूस का नव्हता?

अफवेने जमवलेली माणसे काही घटकांत एकत्र येतात. त्यांना नेता लागत नाही, नाव लागत नाही, उत्तरदायित्व लागत नाही. अनुयायी मात्र तयार व्हायला वर्षे लागतात. तो थांबतो, विचारतो, ऐकतो. गर्दी आणि अनुयायी यांतला हा भेद ज्याला कळला नाही, त्याने समाजमाध्यमाला हात न लावलेला बरा. भय आणि संताप यांवर दर्शक झपाट्याने वाढतात, हे खरे. पण संतापाने जोडलेला माणूस उद्या अधिक मोठा संताप विकणाऱ्याच्या मागे जातो. त्याची निष्ठा आपल्यावर नसून संतापावर असते.

कुरणशाळेचा धडा

मग निष्ठा निर्माण होते कशी? त्याचे उत्तर शोधायला परदेशी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. डहाणूच्या मातीनेच ते दिलेले आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आले. शाळा होती, शिक्षिका होत्या. पण वारली मुले गुरांमागे रानात. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल, असे म्हणून त्यांनी शाळा थेट कुरणावर नेली. तीच कुरणशाळा. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरवली, तीच अंगणवाडी; पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेत तो शब्द देशभर पोहोचला. आज मुलांचे आणि तरुणांचे कुरण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आहे. तेव्हा आपणही तेथे गेलेच पाहिजे, यात शंका नाही. मात्र अनुताई कुरणावर गेल्या त्या मुलांची संख्या मोजायला नव्हे, त्यांना शिकवायला. आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. सारे रहस्य या ‘पुन्हा’त आहे.

याच भागात माधवराव काणे यांनी तलासरीला वनवासी विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे करण्यासाठी आयुष्य वेचले. आणि विचारांनी आपल्यापासून कोसो दूर असलेल्या गोदावरी परुळेकर यांनीही १९४५ पासून वारल्यांमध्ये जे स्थान मिळवले, ते पाड्यापाड्यांवर पायी हिंडून, त्यांच्या झोपडीत राहून. मतभेद राखूनही हे मान्य करायला संकोच नको. वेठबिगारीच्या काळात वारल्याला भाषण नवे नव्हते. आपल्या घोंगडीवर येऊन बसणारा माणूस नवा होता.

चित्रफीत आणि निष्ठा यांची सांगड घालणारे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. रोह्याला १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांची प्रवचने समाजमाध्यमांचा मागमूस नव्हता तेव्हापासून ध्वनिचित्रफितींवरून गावोगावच्या स्वाध्याय केंद्रांत दाखवली जात. पडदा तोच होता. पण माणसे एकत्र बसून, ठरलेल्या दिवशी पाहत. आणि पाहून झाल्यावर भक्तिफेरीला निघत, स्वखर्चाने, स्वतःची शिदोरी घेऊन. परक्या गावात घरोघरी जात. समुद्रकाठच्या कोळी बांधवांनी ‘मत्स्यगंधा’ नौका चालवल्या, शेतकऱ्यांनी योगेश्वर कृषीत श्रमदान केले. चित्रफितीने विचार पोहोचवला, घरी आलेल्या माणसाने विश्वास दिला आणि हातांना मिळालेल्या कामाने निष्ठा घडवली. यातली एक पायरी जरी गाळली, तरी जिना कोसळतो.

मध्यमवर्गीय घरांतील भगिनींना याचे साधे उदाहरण स्वयंपाकघरातच मिळेल. ‘मधुराज रेसिपी’ हे नाव आज मराठी घरांत सर्वांच्या ओळखीचे आहे. २००९ साली अमेरिकेत असताना मधुरा बाचल यांनी त्याची सुरुवात केली. तेव्हा ना झगमगाट होता, ना घबाड. वर्षानुवर्षे नेमाने, घरातल्या भाषेत, प्रमाण चुकणार नाही अशा बेताने त्या सांगत राहिल्या. पाहणारीने करून पाहिले, पदार्थ जमला आणि विश्वास बसला. पुढे त्यांच्या नावाचे मसालेही लोक घेऊ लागले. सांगितले ते खरे निघाले, हेच निष्ठेचे बीज आहे.

करावयाचे काय?

या अनुभवांतून कार्यकर्त्यांसाठी काही सूत्रे हाती लागतात.

पहिले सूत्र नियमाचे. महिन्यातून एकदा लाखांनी पाहिलेली चित्रफीत टाकण्यापेक्षा दर गुरुवारी ठरल्या वेळी शंभरांनी पाहिलेली बरी. वारकऱ्याला एकादशी कधी आहे हे सांगावे लागत नाही. नेम हीच ओळख बनते.

दुसरे भाषेचे. सायवन, उधवा, तलासरी या पट्ट्यात वारली बोली आहे, गुजरात आणि दादरा-नगरहवेलीचा शेजार आहे. तेथे पुण्याच्या व्याख्यानमालेची मराठी घेऊन जाल तर लोक ऐकतील, मानही डोलावतील; पण आपले म्हणणार नाहीत. बोलणारा पाड्यावरचाच असावा, आपण कॅमेरा धरावा.

तिसरे लांबीचे. लघुचित्रफीत ही हाक आहे, भेट नव्हे. हाक मारून दार बंद ठेवणे हा उद्धटपणा झाला. चाळीस सेकंदांच्या तारप्यामागे तारपा बनवणाऱ्या वृद्धाचे वीस मिनिटांचे मनोगत असले पाहिजे. ज्याला ओढ आहे तो तेथपर्यंत येईल. आणि आपल्याला तोच हवा आहे.

चौथे उत्तराचे. कोणी दोन ओळी लिहिल्या तर त्याला नावाने उत्तर द्यावे, गाव विचारावे, वहीत नोंद करावी आणि त्या बाजूला गेलो की त्याच्या घरी चहाला जावे. ही वही कोणत्याही कंपनीला बंद करता येत नाही.

पाचवे कामाचे. पाहणाऱ्याला लगेच काहीतरी छोटे काम द्यावे. एका मुलाची वह्या-पुस्तके, एका रविवारचे श्रमदान, एका म्हाताऱ्याला आरोग्य केंद्रात नेणे. ज्याने आपल्यासाठी काही केले त्याच्यापेक्षा, ज्याच्यासाठी आपण स्वतः काही केले, त्याच्याशी मनुष्य अधिक बांधला जातो.

सहावे आणि सर्वांत कठीण सूत्र सत्याचे. आपल्याकडून चुकीची चित्रफीत पुढे गेली, तर तितक्याच ठळकपणे चूक कबूल करावी. ती आपल्या बाजूची होती म्हणून खपवून घेऊ नये. राईनपाडा आणि गडचिंचले यांनंतर हा केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही, जिवाचा झाला आहे. ज्याने दहा वेळा खरे सांगितले आणि अकराव्या वेळी स्वतःची चूक मान्य केली, त्याचेच अफवेच्या रात्री कोणीतरी ऐकेल.

एक इशाराही दिला पाहिजे. अनुयायी हवेत म्हणताना ते कोणाचे, हेही ठरवले पाहिजे. चित्रफितीचे माध्यम चेहऱ्याचे आहे. त्यात व्यक्ती मोठी होते आणि कार्य मागे पडते. जो आपल्याला प्रश्न विचारू शकत नाही तो अनुयायी नव्हे, भाट होय. आपल्याला सहकारी हवे आहेत, आणि सहकारी हा डोळे उघडे ठेवूनच सोबत चालतो.

त्या तरुणाला आम्ही इतकेच म्हटले, “लाख गेले ते जाऊ दे. अकरा आले, त्यांची नावे लिहिलीस का?” त्याने लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो एकेकाच्या घरी जाऊ लागला. अभ्यासिका आता सुरू झाली आहे. एक कंदील, दोन चटया आणि नऊ मुले. तिचे चित्रण अजून कोणी केलेले नाही.