ओल्या अंथरुणाची लाज कशाची?



रविवारच्या वंदनेला नेमाने येणारे एक काका चार महिने विहारात दिसले नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकांनी तरुणपणी गिरणीच्या रंगखात्यात काम केले, विडीही ओढली. कॅन्सरमुळे त्यांची लघवीची पिशवी काढावी लागली. ऑपरेशन नीट झाले. पण काकांचे अंथरूण गॅलरीत होते आणि पाण्याचा तांब्याही वेगळा. घरात कोणी तसे सांगितले नव्हते. "अंथरूण भिजतं, वास येतो. पोराबाळांत कसा झोपू?" एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली. काकूंचे डोळे जागरणाने सुजले होते.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि आपल्या वाडवडिलांनी जो विटाळ झुगारला, तोच आपण आजारपणाच्या नावाने घरात घ्यायचा काय?

आम्ही कारकून माणसे, डॉक्टर नव्हे. म्हणून काकांबरोबर हॉस्पिटलात गेलो आणि डॉक्टर व नर्सबाईंनी सांगितलेले टिपून घेतले. ते इतरांनाही उपयोगी पडेल.

काकांना लहान आतड्याच्या तुकड्याची नवी पिशवी करून बसवली आहे. जुनी पिशवी भरली की मेंदूला कळत असे. नवीला ती जाणीव नाही. झोपेत स्नायू सैल पडतात आणि लघवी गळते. यात रोग्याचा काही दोष नाही. दिवसाचा ताबा बहुधा काही महिन्यांत येतो, रात्रीचा यायला वर्षभर किंवा जास्तही लागते. काहींना थोडी गळती कायम राहते.

उपाय असे. झोपण्यापूर्वी सावकाश बसून पिशवी पूर्ण रिकामी करावी. रात्री गजर लावून उठावे. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसे अंतर वाढवावे. दिवसा पाणी भरपूर प्यावे, संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी करावा. गळतीच्या भीतीने दिवसभर पाणी तोडणे मात्र घातक आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळून पाच सेकंद धरावे व सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. नळी काढल्यावर डॉक्टरांना विचारूनच हा व्यायाम सुरू करावा.

गादीवर रेक्झिन, त्यावर चादर, पुन्हा रेक्झिन आणि चादर असे दोन थर घालावेत. रात्री वरचा थर ओढून काढला की काम झाले. मोठ्यांचे डायपर वापरण्यात कमीपणा नाही. कातडी धुऊन कोरडी ठेवावी. ज्यांना पोटावर पिशवी लावली आहे, त्यांनी रात्री तिला नळीने मोठी पिशवी जोडावी. ती अंगापेक्षा खाली टांगावी लागते, म्हणून जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे.

गजराला उठल्यावर टीव्ही लावू नये, नाहीतर झोप उडते. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, दारूही नको. गाढ गुंगीत गळती वाढते. ताप, थंडी, उलट्या, कंबरेत कळ, किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावे.

आणि ज्यांना लघवीतून रक्त दिसते, त्यांनी दुखत नाही म्हणून गप्प बसू नये. एकदाच दिसले तरी तपासून घ्यावे. विडी-सिगारेट सोडावी, या कॅन्सरचे ते मोठे कारण आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून मंचावर निजवले. रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे त्यांनी संघाला बजावले. आपण पंचशील म्हणतो, तेव्हा हेही आठवावे.

काकांचे अंथरूण आता घरात आले आहे. रात्री दोनचा गजर थोरल्या मुलाने आपल्याकडे घेतला, त्यामुळे काकूंना सलग झोप मिळते. गेल्या रविवारी काका विहारात आले. चटकन उठता यावे म्हणून दाराजवळ बसले. ती जागा आता आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!