पाचवे शील आणि रुमालातला वास

विहारात पंचशील घेताना पाचव्या शीलापाशी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दारूची बाटली येते. ते स्वाभाविक आहे. दारूने आपल्या वस्त्यांमधली किती घरे धुळीला मिळवली हे कळायला कुणा समाजशास्त्रज्ञाच्या पुस्तकाची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती याच अनुभवातून.

पण आज दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात बाटली दिसणार नाही. त्याच्या हातात रुमाल असतो, कापडाचा बोळा असतो, दुधाची रिकामी पिशवी असते. त्यात पंक्चर काढायचे सोल्यूशन, व्हाइटनर, रंगाचा थिनर नाहीतर पेट्रोल. पोरगा तोंडाला रुमाल लावून बसलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते, सर्दी झाली असेल. ही हुंगण्याची नशा आहे. तिला ना परवाना लागतो ना अड्डा. स्टेशनरीच्या दुकानात, सायकलच्या दुकानात, हार्डवेअरच्या दुकानात ती उघड्यावर मिळते.

आम्ही हा लेख आईबापांसाठी लिहितो आहोत, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचवायची जबाबदारी तुमच्यावर, म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या तरुणांवर टाकतो आहोत. कारण ज्या आईचे मूल यात अडकण्याचा धोका सर्वांत जास्त आहे, तिला असे लेख वाचायला ना मोबाईल रिकामा मिळतो ना वेळ.

आकडे कुणाविषयी बोलतात?

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर व्यसनांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारू, गांजा, अफू या सगळ्यांत मोठ्यांचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त होते. एकच प्रकार उलटा निघाला, हुंगायच्या नशेचा. प्रौढांत हे प्रमाण ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट. या नशेतून बाहेर पडायला मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार आहेत, असा त्या अहवालाचा अंदाज. अशी मुले संख्येने सर्वांत जास्त असलेल्या पाच राज्यांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, दिल्ली आणि हरियाणाबरोबर आपला महाराष्ट्रही आहे.

लक्षात घ्या, या पाहणीचा मोठा भाग घरोघरी जाऊन केलेला होता. ज्या मुलाला घरच नाही, जे फलाटावर किंवा पुलाखाली झोपते, ते अशा मोजणीतून सहज निसटते. इथल्या व्यवस्थेने आपली माणसे नेहमी अशीच मोजली आहेत.

ही नशा कुणाच्या वाट्याला येते?

चांगल्या घरातली मुलेही हे करतात. शाळेच्या दप्तरातले व्हाइटनर, कपाटातला डिओड्रंट, नेलपॉलिश काढायचे थिनर कोणत्याही घरात असते. त्यामुळे "हे फक्त झोपडपट्टीतल्या पोरांचे काम" असे म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पोराचे दप्तर बघावे.

तरीही सत्य असे की सर्वांत स्वस्त नशा सर्वांत गरीब मुलाच्या वाट्याला येते. कचरा वेचणाऱ्या, भंगार गोळा करणाऱ्या, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांना विचारा. भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, कचऱ्याची घाण वाटत नाही, अशी उत्तरे मिळतात. म्हणजे ज्या भुकेवर आणि ज्या घाणीवर शासनाने उपाय करायचा, त्यावर पोराने स्वतःच दहा-वीस रुपयांचा उपाय शोधला. कचरा वेचणारे हात बहुतांशी कोणत्या जातींचे असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरे उदाहरण घ्या. चपला-बुटांच्या छोट्या कारखान्यात, पोटमाळ्यावर, घरातल्या एकाच खोलीत सोल चिकटवायचे काम चालते. रबर सोल्यूशनचा डबा दिवसभर उघडा. खोलीला धड खिडकी नाही. त्याच खोलीत लेकरू अभ्यास करते, जेवते, झोपते आणि हाताला काम देते. त्याने नशा करायची ठरवायच्या आधीच तो वास त्याच्या रक्तात गेलेला असतो. २०१६ साली बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी घातली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करायची मुभा ठेवली. धोकादायक कामे यातून वगळली आहेत, पण ती कागदावर. पोटमाळ्यावर जाऊन डबा कोण तपासतो? आणि या देशात कुटुंबाचा धंदा म्हणजे बहुतेक वेळा जातीचा धंदा, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय?

म्हणून कुणी "आईबापांचे लक्ष नाही" एवढे बोलून मोकळा होत असेल तर त्याला थांबवा. पहाटे पाचला झाडूकामाला जाणारी आई आणि रात्री दहाला नाक्यावरून परतणारा बाप लक्ष ठेवणार कधी? त्यांना उपदेश नको, माहिती हवी आहे.

शरीरात काय होते?

सोल्यूशनमध्ये आणि थिनरमध्ये बहुधा टोल्युइनसारखी द्रावके असतात. त्यांची वाफ फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. झिंग काही मिनिटांत उतरते, म्हणून पोरगा पुन्हा पुन्हा हुंगतो. सतत हुंगल्याने मेंदूतल्या मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. मग विसराळूपणा येतो, चाल बिघडते, हात कापतात, ऐकू कमी येते. मूत्रपिंड आणि यकृतही खराब होतात. शाळेत गुरुजी अशा पोराला "ढ" ठरवून मागच्या बाकावर बसवतात आणि तिथून त्याची शाळा सुटते.

सर्वांत मोठा धोका मात्र एका क्षणाचा आहे. ही वाफ हृदयाला इतके हळवे करते की अचानक भीती वाटली, धावपळ झाली, तर ठोके बिघडून मूल जागीच जाऊ शकते. हे पहिल्यांदा हुंगणाऱ्या मुलाच्या बाबतीतही घडते. प्लास्टिकची पिशवी डोक्यावर ओढून हुंगणारे मूल गुदमरून जाते ते वेगळेच.

काय ओळखायचे?

एकेक खूण वेगळी पाहिली तर ती साध्या आजाराचीही असू शकते. दोन-चार खुणा एकत्र दिसल्या तर सावध व्हा.

– तोंडाला, केसांना, शर्टाला रंगासारखा किंवा पेट्रोलसारखा वास.
– बोटांवर, बाहीवर, नाकाशी पांढरे किंवा चिकट डाग.
– नाका-तोंडाभोवती पुरळ, फोड, कोरडी सोललेली कातडी.
– लाल, पाणावलेले डोळे. सर्दी नसताना गळणारे नाक.
– दारूचा वास नाही, पण बोलणे अडखळते आणि पाय लटपटतात.
– जेवणावरची वासना उडणे, मळमळ, सतत डोके दुखणे.
– चिडचिड, एकटे राहणे, जुने मित्र सोडून नव्यांच्या मागे जाणे, शाळेला दांडी.
– अंथरुणाखाली, दप्तरात, संडासाच्या मागे सापडलेल्या पिळलेल्या ट्यूबा, चिंध्या, वासाच्या पिशव्या. सायकल नसलेल्या घरात पंक्चरचे सोल्यूशन कशाला?

सापडले तर काय करायचे?

आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो, धरून बडवायचे. वर जे हृदयाबद्दल लिहिले ते आठवा. नशेत असलेल्या मुलाला मारणे, त्याच्यावर ओरडणे, त्याच्या पाठीमागे धावणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्या वेळी शांत राहा. हातातला रुमाल हळूच काढून घ्या. त्याला मोकळ्या हवेत बसवा. जवळपास विडी, काडी, चूल पेटवू नका, ही द्रावके भडका घेतात. मूल बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात पाणी घालू नका आणि लगेच १०८ ला फोन करा. डॉक्टरला काय हुंगले ते खरे सांगा, ट्यूब सोबत न्या. लाजेपोटी "चक्कर आली" असे सांगाल तर उपचार चुकतील.

बोलायचे दुसऱ्या दिवशी, मूल शुद्धीवर आणि पोटात अन्न असताना. "बाळा, तुझ्या शर्टाला कसला वास येतो? मी मारणार नाही, मला खरं सांग." एवढ्याने सुरुवात होते. कुणी शिकवले, कधी हुंगतो, कशाचा त्रास होतो हे हळूहळू बाहेर येते. कामावर मालक मारतो, शाळेत जातीवरून चिडवतात, घरात बाप पिऊन येतो, यातले काहीही निघू शकते. ते ऐकायची तयारी ठेवा. या नशेवर खास अशी गोळी नाही. समुपदेशन, पोटभर जेवण, झोप, खेळ, शाळा आणि पाठीशी उभे राहणारे माणूस, हाच उपचार. मूल मध्येच पुन्हा घसरेल. म्हणून ते वाया गेले असे होत नाही.

मदतीसाठी फोन: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८. विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

कायदा कुठे अडतो?

२०१२ साली केंद्र सरकारने बाटलीतल्या व्हाइटनरवर आणि थिनरवर बंदी आणली. व्हाइटनर पेनात गेले आणि मुले सोल्यूशनकडे वळली. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण त्या कलमात सोल्यूशनचे नाव नाही. हातात बोळा धरलेल्या मुलाला रोज पाच-पाच ट्यूबा विकणारा दुकानदार याच फटीतून सुटतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर मुलांच्या व्यसनांसाठी राष्ट्रीय आराखडा करायला आणि शालेय अभ्यासक्रमात हा विषय घ्यायला सांगितले. आपल्या वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत तो विषय शिकवला जातो का? मुख्याध्यापकांना लेखी विचारा. उत्तर नाही आले तर माहितीचा अधिकार आहेच.

हेही ध्यानात ठेवा की हाच बाल न्याय कायदा व्यसनात ओढल्या जाण्याचा धोका असलेल्या मुलाला "काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक" मानतो. त्याची जागा बाल कल्याण समितीपुढे आहे, पोलीस कोठडीत नाही. चौकीत कुणी अशा पोराला उघडे करून मारत असेल तर आपल्या कार्यकर्त्याला तिथे उभे राहून हे कलम सांगता आले पाहिजे.

बदनामीची भीती

आम्हाला एक आक्षेप ऐकू येतो. "या गोष्टी उघड बोललात तर आपल्याच वस्तीची बदनामी होईल. आधीच लोक आपल्याला नावे ठेवतात." ही भीती खोटी नाही. आपल्या पोराने चूक केली की ती जातीच्या नावावर लिहिली जाते आणि त्यांच्या पोराने केली की ती वयाची चूक ठरते. पण या भीतीची किंमत कोण मोजतो? लपवून ठेवलेले पोरगे मोजते. समाजाची अब्रू त्याच्या श्वासावर राखायची असेल तर ती अब्रू काय कामाची?

म्हणून प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आईबापांसाठी ठेवा. या लेखातल्या खुणा वाचून दाखवा. वस्तीतल्या दहा दुकानदारांना भेटून मुलांना सोल्यूशन न विकण्याची विनंती करा, नंतर तक्रार करा. चपलांच्या कारखान्यात खिडकी आणि डब्याला झाकण यासाठी मालकाशी भांडा. अभ्यासिका संध्याकाळी उघडी ठेवा, कारण याच वेळेला पोरे पुलाखाली जमतात. १४ एप्रिलच्या डीजेच्या खर्चातून दहावा हिस्सा काढला तरी एका वस्तीला वर्षभर समुपदेशक बोलावता येईल.

पाचव्या शीलात नशा वर्ज्य का, याचे कारण शीलातच सांगितले आहे. ती प्रमादाचे, म्हणजे गाफिलपणाचे कारण आहे. तथागतांचा शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच होता. मग आपले पोर शेजारी बसून रुमाल हुंगत असताना तो वास न ओळखणारा, दारू न पिणारा माणूस शील पाळतो असे म्हणायचे का? शील घेतले असेल तर डोळे आणि नाक दोन्ही उघडे ठेवा. येत्या रविवारी विहारात हा विषय काढा.

जय भीम!