पुसट शिक्क्याची राखण

गेल्या शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. वाळूज एमआयडीसीत त्यांचं छोटं मशीन शॉप आहे. "अरे, हे कोटेशन मी दिलेलंच नाही. पण शिक्का माझा, सही माझी!" एका गिऱ्हाइकाने त्यांना त्यांच्याच नावाचा कागद दाखवला होता, दर मात्र भलतेच. वर काकांचा भाबडा प्रश्न, "आपण तर प्रत्येक पानावर वॉटरमार्क टाकतो ना रे?"

टाकतो ना. तो टेम्पलेट मीच बनवून दिला होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना. गोल शिक्का आणि त्यावरची सही स्कॅन केली. वर्डमध्ये डिझाइन, वॉटरमार्क, कस्टम, पिक्चर वॉटरमार्क, आणि खाली 'वॉशआउट'वर टिचकी. झालं! मजकुरामागे पुसट शिक्का उमटला. काका खूश, मी त्याहून खूश. आता आपला कागद कोणी चोरू शकत नाही म्हणे!

रविवारी काकांच्या घरी बसून त्यांना दाखवलं. पानाच्या वरच्या भागावर डबल क्लिक केलं, शिक्का निवडला, डिलीट दाबलं. गेला. कारण हा वॉटरमार्क कागदात मुरलेला नसतो, हेडरमध्ये ठेवलेलं ते एक साधं चित्र असतं. एवढेही कष्ट नकोत, तर टाकायच्या मेनूतच खाली 'रिमूव्ह वॉटरमार्क' आहे. कुलपाशेजारीच किल्ली टांगलेली!

पण खरी गंमत पुढे आहे. डॉक्स फाइल म्हणजे आतून एक झिप असते. नावाच्या शेवटचं 'डॉक्स' खोडून 'झिप' करा, उघडा, 'वर्ड' फोल्डरमधलं 'मीडिया' पाहा. तिथे काकांचा शिक्का आणि सही ठणठणीत, गडद निळ्या शाईत. वॉशआउट फक्त दाखवताना फिकं करतं, आतलं चित्र तसंच राहतं. काका काही बोललेच नाहीत. चोराने हेच केलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण दार उघडं होतं आणि ते मी उघडं ठेवलं होतं.

माझा राग आहे तो या नावावर. खरा वॉटरमार्क कागद ओला असतानाच त्यात घडवतात. लगदा कुठे पातळ, कुठे जाड बसतो, म्हणून उजेडाकडे धरल्यावर नोटेत गांधीजी दिसतात. इटलीतल्या फाब्रियानोत तेराव्या शतकापासून ही विद्या आहे. आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनताना पाहा, म्हणजे कळेल की कागदातली खूण कागद फाडल्याशिवाय निघत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी ते भारदस्त नाव उचललं आणि एका फिकट चित्राला चिकटवलं. लोकांनी नावावर विश्वास ठेवला, त्यांचं काय चुकलं?

कोणी म्हणेल, निदान दिसायला तरी बरं दिसतं, बुजगावण्यानेही पाखरं उडतात. मान्य! कंपनीचा लोगो टाका, 'मसुदा' असा शब्द टाका, काही बिघडत नाही. पण बुजगावण्याच्या गळ्यात घराची किल्ली अडकवू नका. सही आणि शिक्का ही किल्ली आहे.

मग करायचं काय? बाहेर जाणारा कागद वर्डमध्ये पाठवायचाच नाही. पीडीएफ करायची, आणि नुसती पीडीएफ नव्हे, कारण तिच्यातूनही चित्र काढता येतं. तिच्यावर डिजिटल सही करायची. नंतर कोणी एक आकडा जरी बदलला, तरी तपासताना ते उघडं पडतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, म्हणजे या सहीला मान्यता मिळून जमाना झाला. महाराष्ट्रात २०१८ पासून सातबारासुद्धा डिजिटल सहीचा मिळतो. शेताचा उतारा जिथे पोचला तिथे आमचं कोटेशन अजून शिक्क्याचा फोटो मिरवतंय!

आणि काकांकडे डिजिटल सहीचं टोकन आधीपासूनच आहे. ई-टेंडरसाठी घेतलेलं, ड्रॉवरमध्ये पडलेलं.

असो. काकांनी नवा शिक्का करायला टाकलाय आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन सुरू केलेत. तुम्हीही कोणाला असा टेम्पलेट करून दिला असेल, तर आजच फोन करा. मी तेच करतोय, यादीत अजून चार जण आहेत.