उमेदवाराच्या मागें कोण?

१९६२ सालीं आमच्या नागपुरानें लोकनायक बापूजी अणे यांस अपक्ष म्हणून लोकसभेंत पाठविलें. स्वतंत्र विदर्भाची त्यांची मागणी सर्वांस ठाऊक होती. तेव्हां अपक्ष असणें हा दोष नव्हे, असें आम्ही मानतों. दोष आहे तो पाठीराखा लपविण्यांत.

२०१४ सालीं रायगडांत सुनील तटकरे या एकाच नांवाचे दोन उमेदवार होते. राष्ट्रवादी काँग्रेसचे तटकरे २,११० मतांनीं पराभूत झाले. त्याच नांवाच्या अपक्षास ९,८४९ मतें मिळालीं. असा उमेदवार स्वेच्छेनें उभा राहिला कीं कोणीं उभा केला, हें मतदारास कळण्यास मार्ग नसतो. २०१५ पासून मतपत्रिकेवर छायाचित्र आलें. त्यानें चेहरा ओळखतां येतो, परंतु पाठीराखा पडद्याआडच राहतो.

तो उघड करणें हें वृत्तपत्रांचें कर्तव्य. पण २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, कीं प्रेस कौन्सिलास २०१० सालीं त्यांवर अहवाल काढावा लागला.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, निवडणुकीची बातमी वाचतांना घरच्या वडीलधाऱ्यांस अवश्य विचारा, "हिचा खर्च कोणीं केला?" मताधिकार मिळण्यापूर्वींच हा प्रश्न अंगवळणीं पडला, तर शाळेंतील अक्षरज्ञान सार्थकीं लागलें, असें आम्ही समजूं.