‘आक्रोश’मधला वकील कच्चा नाही



‘आक्रोश’ (१९८०) हा चित्रपट भडक आहे, खमका वकील आरोपीला बोलतं केल्याशिवाय राहत नाही, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचं म्हणणं पटलं नाही. त्यातला आरोपी लहान्या बोलणार कोणासमोर? डॉक्टर, पोलीस अधिकारी, पुढारी क्लबात एकाच टेबलावर पत्ते कुटतात आणि सरकारी वकील दुसानेही त्यांच्यातच. न्यायाधीशाला कोणी दमडी देत नाही. साक्षीदार उभाच राहू द्यायचा नाही, की काम फत्ते! हा दुसाने स्वतः आदिवासी. त्यावरूनच त्याला फोनवर शिव्या येतात आणि तो रिसीव्हर कानाला लावून मुकाट ऐकतो. तेंडुलकरांची लेखणी काय किंवा निहलानींचा कॅमेरा काय, इथे आवाज चढवतच नाहीत. याला भडक म्हणायचं?

निदान विदर्भातल्या वाचकाने तरी अतिशयोक्तीचा आरोप करू नये. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचं प्रकरण (मथुरा खटला) आठवा. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. तीही लहान्यासारखी गप्प राहिली, असंच कोर्टाने धरलं. कायदा बदलायला १९८३ उजाडलं.

— एक वाचक, सावंगी (मेघे), जि. वर्धा