दात्याच्या पेशी उलटतात तेव्हा

शनिवार पेठेत रात्री भुंकणाऱ्या कुत्र्यांवर वैतागणाऱ्यांनी त्यांचे एक ऋणही ध्यानात ठेवावे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाचीच त्वचा, आतडी आणि यकृत परके समजून त्यांवर हल्ला करू शकतात. ऊतींची जुळणी आणि मेथोट्रेक्सेट यांमुळे हा धोका कमी होतो, हे अमेरिकेत डोनल थॉमस यांच्या गटाला कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले. थॉमस यांना १९९० चे नोबेल मिळाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये ही प्रत्यारोपणे सुरू झाली. पण सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एकच. बाकीच्यांना अनेकदा अनोळखी दाता शोधावा लागतो. म्हणून निरोगी तरुणांनी दाता म्हणून नोंदणी करावी. सुरुवातीच्या तपासणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. मुक्या जिवांनी प्राण देऊन शिकवलेले वाया जाऊ नये.