लिथुआनियन भाषेंतील षष्ठीचें अनेकवचन

परकी भाषा शिकूं पाहणाऱ्या मंडळींत एक मत बरेंच रूढ झालेलें दिसतें. तें असें कीं, आधीं नामें व क्रियापदें पाठ करावीं. विभक्तिप्रत्ययांचा घोळ मागाहून निस्तरतां येतो. बोलणाराचा भाव ऐकणारास कळल्याशीं कारण. इंग्रजीपुरतें हें मत कदाचित् चालून जाईल. लिथुआनियन भाषेंत तें मुळींच चालत नाहीं. आणि तींतही षष्ठीचें अनेकवचन जो पुढील वर्षावर टाकील, त्यानें पहिल्या वर्षीं काय साधलें हा प्रश्नच आहे. माझें म्हणणें तर याच्याही पुढचें आहे. त्या भाषेच्या अभ्यासास आरंभच ह्या रूपापासून करावा.

भाषेचें नांवच पाहा. तिला तिकडील लोक ‘लिएतुव्यू कल्बा’ म्हणतात, म्हणजे ‘लिथुआनियनांची भाषा’. ह्यांतील पहिला शब्द षष्ठीच्या अनेकवचनाचा आहे. तेव्हां ‘मी अमुक भाषा शिकतों’ एवढें त्या भाषेंत सांगावयाचें झालें तरी हें रूप उच्चारल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणि तें कठीण तरी कोठें आहे? एकवचनांत षष्ठीचीं रूपें नामागणिक बदलतात: पुरुषाचें ‘वीरो’, स्त्रीचें ‘मोतेर्स’, पुत्राचें ‘सूनौस’. अनेकवचनांत मात्र हा सारा भेद मावळतो व प्रत्येक नामाच्या शेवटीं दीर्घ ऊकार येतो. वीरस (पुरुष) ह्याचें वीरू, मोतेरिस (स्त्री) हिचें मोतेरू, ब्रोलिस (भाऊ) ह्याचें ब्रोल्यू, सेसुओ (बहीण) हिचें सेसेरू. ह्या नियमास अपवाद नाहीं. जी काय अडचण आहे ती ऊकाराच्या आधीं यकार येतो कीं नाहीं एवढीच. तो आला म्हणजे मागील तकाराचा चकार व दकाराचा जकार होतो: मेदिस (झाड) ह्याचें मेज्यू, कते (मांजर) हिचें कच्यू. उलट दन्तिस (दांत) व नक्तिस (रात्र) ह्यांचीं रूपें दन्तू व नक्तू अशीं साधींच राहतात. असे थोडे शब्द पाठ करावे लागतात. त्याला इलाज नाहीं.

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे कान एव्हांना टवकारले असतील. ‘श्वन्’ शब्दाचें षष्ठीचें अनेकवचन ‘शुनाम्’. लिथुआनियन भाषेंत कुत्र्याला ‘शुओ’ म्हणतात व कुत्र्यांचें म्हणजे ‘शुनू’. दगड ह्या अर्थीं ‘अश्मन्’, ‘अश्मनाम्’. तिकडे ‘अक्मुओ’, ‘अक्मेनू’. दोन्हींकडील प्रत्यय मूळचा एकच आहे. तथापि लिथुआनियन म्हणजे दुसरें संस्कृतच, असें जें कोणी कोणी उत्साहाच्या भरांत सांगतात, तें खरें नव्हे. ‘देवानाम्’ ह्यांतील नकार संस्कृतानें मागाहून घातला. लिथुआनियन ‘दिएवू’ ह्यांत तो नाहीं. दोघी एका घराण्यांतल्या आहेत एवढेंच म्हणावें. तें घराणें नीट ओळखावें म्हणून ऑगस्ट श्लायखर हा जर्मन पंडित १८५२ सालीं पूर्व प्रशियांतील लिथुआनियन खेड्यांत जाऊन राहिला, शेतकऱ्यांच्या तोंडून भाषा शिकला, व १८५६ सालीं प्राग येथें त्यानें तिचें व्याकरण छापविलें.

मराठी माणसास ह्याहूनही जवळचा एक दुवा आहे. हा ऊकार लिहितांना रोमन ‘यू’ अक्षराच्या पायाशीं एक बारीक शेपटी काढतात. तो स्वर एके काळीं सानुनासिक होता. आज नासिक्य गेलें आहे, फक्त दीर्घत्व उरलें आहे, आणि शेपटी त्याची आठवण म्हणून राहिली आहे. आपल्या ‘मुलांचा’, ‘घरांचा’ ह्या शब्दांतील अनुस्वारही संस्कृत ‘आनाम्’, प्राकृत ‘आणं’ ह्या षष्ठीच्याच प्रत्ययाचा अवशेष होय. म्हणजे आपला टिंब व त्यांची शेपटी हीं एकाच जुन्या ‘आम्’ चीं दोन खुणांत उरलेलीं रूपें आहेत. मराठी लेखनांतील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनीं गेले (हा लेख जुन्या वळणास धरून आहे, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल). लिथुआनियनांनीं शेपटी सोडली नाहीं.

दुवा असला तरी आपली एक खोड मात्र तेथें आड येते. आपण ‘मुलांचा खेळ’, ‘मुलांची शाळा’ असे म्हणतों, म्हणजे पुढील नामाकडे पाहून मागील प्रत्ययाचें लिंग बदलतों. लिथुआनियन भाषेंत ‘वाइकू झाइदिमस’ आणि ‘वाइकू मोकीक्ला’. मुलांचें ‘वाइकू’ जागचें हालत नाहीं. चा-ची-चे ह्यांची संवय झालेल्या मनाला ह्या स्थिरपणावर विश्वास ठेवावयास कांहीं दिवस लागतात.

शिवाय ह्या रूपाचें काम केवळ मालकी दाखविण्याचें नाहीं. दहापासून एकोणिसापर्यंतच्या संख्या व पुढील दशकें ह्यांच्यापुढें नाम षष्ठीच्या अनेकवचनांतच यावें लागतें. नऊ भाऊ प्रथमेंत, दहा भाऊ षष्ठींत! २०१५ पासून त्या देशांत युरो हें नाणें चालतें. दहा युरो म्हणजे ‘देशिम्त एउरू’. ‘पुष्कळ’ ह्या शब्दापुढेंही षष्ठीच. बाजारांत दहा अंडीं मागावयाचीं झालीं तरी जें रूप लागतें, तें तक्त्याच्या तळाशीं कां लोटावें?

विल्न्युस शहराच्या जुन्या भागांत हिंडणारास तें भिंतीभिंतीवर वाचावयास मिळतें. ‘वोकिएच्यू गात्वे’ हा जर्मनांचा रस्ता, ‘तोतोर्यू गात्वे’ तार्तारांचा, ‘झीदू गात्वे’ यहुद्यांचा, ‘स्तिक्ल्यू गात्वे’ कांच करणारांचा. कोण कोण ह्या नगरांत नांदलें तें प्रत्ययानें सांगितलें आहे. यहुद्यांचा तर दुसऱ्या महायुद्धांत संहार झाला. रस्त्याच्या नांवांतील षष्ठी तेवढी राहिली.

ह्या लहानशा प्रत्ययांसाठीं त्या लोकांनीं सोसलेंही थोडें नाहीं. १५४७ सालीं मार्तीनस माझ्वीदस ह्यानें क्योनिग्सबर्ग येथें छापविलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली हें त्या भाषेचें पहिलें छापील पुस्तक. पुढें १८६४ पासून १९०४ पर्यंत रशियाच्या झारशाहीनें रोमन लिपींतील लिथुआनियन छपाई बंद केली. तेव्हां बिशप मोतिएयुस वालान्च्युस ह्यांच्या प्रेरणेनें प्रार्थनापुस्तकें प्रशियांत छापलीं गेलीं, व साधीं माणसें तीं पाठीवर घेऊन रात्रीं सरहद्द ओलांडूं लागलीं. पकडलेल्यांस सायबीरियाची वाट दाखविली जाई.

श्याउल्याइ गांवाजवळ एक टेकडी आहे. तिचें नांव ‘क्रीझ्यू काल्नस’, म्हणजे क्रूसांची टेकडी. १९६१ सालीं सोव्हिएट अधिकाऱ्यांनीं तेथील क्रूस यंत्रांनीं उखडून टाकले. लांकडी जाळले, लोखंडी मोडींत घातले. लोकांनीं पुनः आणून रोवले. पुनः उखडले, पुनः रोवले. १९९३ च्या सप्टेंबरांत पोप दुसरे जॉन पॉल तेथें आले, तेव्हां त्यांच्यापुढें क्रूसांचें रानच उभें होतें. आतां ‘प्रत्यय चुकला तरी भाव कळतो’ म्हणणारानें ह्या नांवाचें एकवचन करून ‘क्रीझ्याउस काल्नस’ म्हणून पाहावें. टेकडी राहील, क्रूसही एक राहील. पण रात्रींबेरात्रीं एकेक क्रूस वाहून आणणारीं तीं माणसें त्या नांवांतून नाहींशीं होतील.

आतां एका खऱ्या अडचणीविषयीं. उकारान्त नामांच्या द्वितीयेचें एकवचन व षष्ठीचें अनेकवचन हीं लेखनांत अगदीं सारखीं असतात. ‘सूनू’ म्हणजे ‘पुत्राला’ही आणि ‘पुत्रांचें’ही. उच्चारांत भेद आहे. पहिल्यांत आघात आद्य स्वरावर, दुसऱ्यांत अन्त्य स्वरावर. पण नेहमींच्या छपाईंत आघाताची खूण देत नाहींत. म्हणून अशा ठिकाणीं वाक्यांतील क्रियापद आधीं पाहावें, आणि बनेल तर कोणा लिथुआनियन माणसाच्या तोंडून तें वाक्य एकदां ऐकून घ्यावें.